छापखान्याचं अक्षर

हॉस्पिटलच्या औषधखोलीत माझ्या आत्याला सगळे ‘छापखाना’ म्हणायचे. एकतीस वर्षं बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तिनं हातानं लिहिल्या. ‘दिवसातून तीनदा, जेवणानंतर.’ अक्षर असं, की औषध पोटात जाण्याआधीच माणूस अर्धा बरा व्हावा. लहानपणी मी तिच्या उरलेल्या चिठ्ठ्या गिरवूनच लिहायला शिकले.

मग तिचा उजवा हात थरथरू लागला. हे फक्त मला माहीत होतं. चहा ती अर्धाच कप घ्यायची. चिठ्ठ्या दार लोटून, डाव्या हातानं उजवं मनगट आवळून लिहायची. निवृत्तीला दोन वर्षं होती आणि घरात कमावती ती एकटीच.

अशात नव्या साहेबांनी अक्षरतज्ज्ञ बोलावला. औषधखोलीतल्या चौघांपैकी दोघांनाच ठेवायचं होतं, आणि कोणाला ते अक्षरावरून ठरणार होतं.

“घाबरू नका,” तज्ज्ञ गोड आवाजात म्हणाला. “ही विद्या जुनी आहे. चारशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका वैद्यानं तिच्यावर पुस्तक लिहिलं. पुढे फ्रान्समधल्या एका धर्मगुरूनं अक्षराच्या एकेका वळणाला एकेक स्वभाव नेमून दिला.”

“आणि ते खरं निघालं?” पुड्या तोलणाऱ्या काकांनी विचारलं.

“त्याशिवाय का इतकी वर्षं टिकलं?”

“ढेकूणही टिकलेत की,” काका पुटपुटले.

तज्ज्ञानं ऐकलं नाही. “कोऱ्या कागदावर एक पान लिहून आणा. घरी, निवांत बसून. ओळ कापरी आली, तर माणूस काहीतरी लपवतोय असं समजायचं.”

आत्या घरी आली ती पांढरीफटक पडून.

“बरोबरच आहे त्याचं. लपवतेच आहे मी.”

“अगं, आजार हाताला झालाय, स्वभावाला नाही!”

“ते त्याला कोण सांगणार? सांगितलं तरी घरी बसवतील, नाही सांगितलं तरी पान सांगेल.” तिनं कागद माझ्यापुढे सरकवला. “तू लिही. तुझं अक्षर म्हणजे माझंच आहे, वीस वर्षांपूर्वीचं.”

मी लिहिलं. ती शेजारी बसली होती, हात टेबलावर टेकून. पानभर मजकूर होईस्तोवर टेबलाचा एक पाय फरशीवर टकटकत राहिला.

आठ दिवसांनी तिला आत बोलावलं. संध्याकाळी ती आली आणि चपला न काढताच खुर्चीत बसली.

“काढलं का गं?”

“ठेवलं. खंबीर, प्रामाणिक, हाताचं आणि मनाचं एकमत, असं म्हणाला तो. काकांची ओळ खाली घसरते म्हणे, म्हणून ते बेफिकीर. त्यांना काढलं. उद्यापासून विषारी औषधांचं कपाट माझ्याकडे. लहान बाळांच्या हृदयाच्या औषधाच्या पुड्या मी तोलायच्या. मी! कणभर जास्त पडलं तर काय होतं, माहितेय तुला?”

मला माहीत नव्हतं. पण तिच्या तोंडाकडे बघून कळलं.

सकाळी मी तिच्याबरोबर गेले. खिडकीपाशी एक आई तान्ह्या बाळाला घेऊन उभी होती. आत्यानं चिमट्यात वजन धरलं, ते खाली पडलं. तराजूत पूड टाकली, काटा नाचू लागला. तिनं पूड काढली, पुन्हा टाकली. काटा तसाच.

“ताई, होतंय ना?” आईनं विचारलं.

आत्यानं चिमटा खाली ठेवला. काका आपला डबा आणि ॲप्रन न्यायला आले होते, ते दाराशी थबकले.

“काका, हे तुम्ही तोला.”

“मी कशाला? मी बेफिकीर माणूस.”

“तोला हो!” ती किंचाळलीच.

काकांनी डबा खाली ठेवला. एका चिमटीत पूड पडली आणि काटा मधोमध उभा राहिला.

पुडी खिडकीतून बाहेर गेली. आत्यानं कोरा कागद ओढला आणि या वेळी मनगट धरलं नाही. ‘ते पान माझं नव्हतं. हे माझं आहे.’ अक्षरं वरखाली भेलकांडत गेली.

“दे, मी देते साहेबांना,” मी म्हटलं.

“नको. मीच जाते.”

ती लांब कॉरिडॉरमधून निघाली. कागदाची फडफड मला थेट साहेबांच्या दारापर्यंत ऐकू येत होती. कॉरिडॉरमध्ये वारा नव्हता आणि पंखेही बंद होते.