आईचं पानभर भाषण

बंगळुरात मल्लेश्वरममध्ये माझं झेरॉक्सचं दुकान आहे. माझी एक गिऱ्हाईक आमच्या भागातलीच, पूर्वीची नटी. आता सिनेमे स्वतः लिहिते, दिग्दर्शितही करते. प्रती काढण्याआधी प्रत्येक संवाद काउंटरपाशी उभी राहून म्हणून बघते. परवा तिनं मुलगी पदवीधर झाल्यावरचं आईचं पानभर भाषण म्हटलं, डोळ्यांत पाणी आणून.

"कसं वाटलं?"

"खोटं वाटलं, अक्का. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. निकाल ऐकून आई नुसतं 'बरं' म्हटल्यासारखं एवढंच म्हणाली, 'सरी, हात धू, जेवायला बस.'"

"अगं, या भाषणासाठीच तर आईचं काम मी स्वतःकडे ठेवलंय!"

तरी तिनं अख्खं पान खोडलं. मग माझ्याकडे न बघताच हळू म्हणाली, "सरी, हात धू, जेवायला बस."

मी हात धुवायला उठलेसुद्धा.