मावसभावाची दुर्बीण

कपाट आवरताना दुर्बिणीची काळी पेटी हाताला लागली आणि तिच्या रबराच्या वासाबरोबर जुना जळफळाट पुन्हा वर आला. गंगापूरहून आलेला मावसभाऊ आणि मी, दोघांनी शहरातल्या एकाच दुकानातून एकाच दुपारी दुर्बिणी घेतल्या होत्या. मी दारात उभं राहून रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचल्या आणि सगळ्यात लांबचं दाखवणारी निवडली. त्याचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. तो दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीकडं तोंड करून एकेक दुर्बीण डोळ्याला लावत राहिला आणि शेवटी रुंद भिंगांची एक जाडजूड घेतली. मी हसलो. पुढच्या रविवारी गौताळ्याच्या जंगलात, दिवस बुडाल्यावर, पाणवठ्यापलीकडं काहीतरी हललं. माझ्या दुर्बिणीत नुसती काजळी. "दादा, भेकर हाय, अन् मागं पाडस! लई बारीक, पाय लटपटायलेत त्याचे," तो कुजबुजला आणि लगेच त्यानं आपली दुर्बीण माझ्यापुढं धरली. तो पुढं आलेला हातच मला सहन झाला नाही. "राहू दे, मला दिसतंय की," मी म्हणालो आणि काळोखाकडं बघत राहिलो. अजूनही चार पाहुणे जमले की तो ते पाडस रंगवून सांगतो आणि म्हणतो, "दादाला इचारा, त्यांनी बी बघितलं." मी मान डोलावतो. आज पेटी पाहून माझ्या मुलीनं विचारलं, "बाबा, कसं होतं ते पाडस?" मी म्हणालो, "लई बारीक. पाय लटपटायले होते त्याचे."