फाइतो!

जपानात, ओजिमातल्या आमच्या घरी रविवारी नवरा आणि त्याचा ऑफिसातला मित्र आइस हॉकीचा व्हिडिओ गेम खेळत. गोल राहायचा बाजूला, नुसती ठोसाठोशी! मी चिडले की मित्र म्हणायचा, “वहिनी, मारामारीशिवाय हॉकी म्हणजे मिठाशिवाय आमटी.” डोंबलाची आमटी!

एकदा ठोसा बसून एक खेळाडू बर्फावर आडवा झाला, तशी आमची लेक ओरडली, “फाइतो!”

“बघा, हिलाही फाइट हवी,” म्हणत दोघे खिदळले.

माझं डोकंच फिरलं. “रोज ऑफिसात जपानी बोलता ना? मग एवढं कळत नाही? हिच्या बालवाडीत शर्यतीत कुणी पडलं की सगळे असंच ओरडतात. ऊठ, जोर लाव! ती त्या पडलेल्याला उठवतेय.”