पहिल्या माइकची घुंडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायचं राहून गेलं असं म्हणता येत नाही. मी टाळलं. विषय त्या बाजूला वळला की उठून माठाकडे पाणी प्यायला जायचो, इतकं साधं टाळणं होतं ते. इतकी वर्षं पुरलं. आता ज्याला सांगायला हवं होतं तो नाही. त्याची बायको होती, परवा-परवापर्यंत होती, तीही गेली. म्हणून तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही त्याला ओळखत नव्हता, हेच बरं.

कुठून सुरू करू? मिक्सरपासून करतो. तिथपर्यंत निदान लाज वाटण्यासारखं काही नाही.

मी पुलगावचा. गिरणीत स्टोअरमध्ये नोकरीला होतो. घरी पुढच्या खोलीत माझा गाण्याचा सेट होता: एक रेकॉर्ड प्लेअर, एक अ‍ॅम्प्लिफायर, एक माइक आणि बाहेर बांबूवर चढवायचा भोंगा. आजूबाजूला बारसं असो, साक्षगंध असो, लोक माझ्याकडे यायचे. आमच्या भजन मंडळालाही तोच सेट लागायचा. मंडळात शालिक गायचा. मी त्याच्या मागे ओळ धरायचो.

शालिक जिनिंगमध्ये कामाला होता, रुईच्या गाठी बांधायचा. शाळेपासूनचा माझा दोस्त. त्याच्या आवाजाबद्दल मी काही लिहावं का? मला तो अधिकार आहे का? एवढंच लिहितो, की खंजेरीवर थाप पडून त्याने पहिला सूर लावला, की मांडवात चहा वाटणारी माणसं किटली हातात घेऊन उभी राहायची.

तेव्हा माइक एकच. आम्ही दोघं त्याच्यापुढे. माझी ओळ आली की शालिक अर्धं पाऊल मागे सरायचा. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्या अर्ध्या पावलाच्या जागेत माझा आवाज लोकांपर्यंत जायचा. मला मात्र ते पाऊल कधी दिसलं नाही. लोक त्याच्याकडे बघतात, माझ्याकडे बघत नाहीत, एवढंच मला दिसायचं.

ऐंशीनंतरची गोष्ट. सेट जुना झाला होता, नवा करायचं मनाने घेतलं. मिक्सर आणतो म्हटल्यावर बायको खूश झाली, पाट्यावर चटणी वाटून तिचे खांदे दुखायचे. हा मिक्सर चटणीचा नाही, माइकचे आवाज एकत्र जमवायचा, असं समजावून सांगितलं तेव्हा ती वरवंटा जरा जोरात फिरवू लागली.

शालिकला घेऊन मी नागपूरला गेलो. बर्डीच्या बाजारातल्या एका दुकानात दोन मिक्सर समोर ठेवले. एक साधा, लोखंडी पेटीतला, तीन माइक लागतील असा. एकदा आवाज जमवून दिला की तसाच राहणार. दुकानदार म्हणाला, "भाऊ, ये गिरेगा तो भी चलेगा." दुसरा काळा, चपटा, चकचकीत. चार माइक, दोन रेकॉर्ड प्लेअर आणि प्रत्येकाची वर-खाली सरकणारी वेगळी घुंडी. "ये डिस्को मिक्सर है. एक गाना खतम होने के पहले दूसरा चालू. बीच में खाली जगह नहीं." सोबत कानाला लावायचा हेडफोन. घुंडीखालचं बटण दाबलं की फक्त तेवढाच आवाज कानात येणार. घुंडी खाली असली तरी येणार, बाहेर काहीही ऐकू जात नसलं तरी.

शालिकने हेडफोन उलटा-पालटा करून पाहिला. "म्हंजे लोकाईले ऐकू नाई आलं तरी तुले येते?"

"हो."

"मंग तं देवापेक्षा तूच बरा बावा. त्याले भोंगा लावा लागते."

मग गंभीर होऊन म्हणाला, "साधाच घे बे. याले चालवाले एक माणूस लागते. तो माणूस कोन? तूच. मंग तू गाशीन कवा?"

हे तो माझ्यासाठी बोलला होता. आज कळतं. तेव्हा काय वाटलं सांगू? वाटलं, याला मला वेगळा माइक मिळू द्यायचा नाही. चार माइक म्हणजे एक माझा. मी काळा मिक्सर घेतला.

पहिले काही दिवस फार सुखाचे गेले, हेही खोटं नाही. दुसरा रेकॉर्ड प्लेअर आणला. पुढच्या खोलीत बसून एका तबकडीतून दुसरीत जायला शिकलो. एक घुंडी खाली, एक वर, आणि गाणं न तुटता पुढे. शेजारची माणसं दारात उभी राहून बघायची. पण मंडळाच्या सरावात शालिकचं बोलणं खरं झालं. मी माझ्या माइककडे गेलो की इकडे भोंग्यातून शिट्टी सुरू. धावत यायचो, घुंडी जमवायचो, परत जायचो, परत शिट्टी. शेवटी शालिक हसत म्हणाला, "भास्कर, तू तिथंच बस लेका. तुया संसार तिथंच हाये. गाण्याचं आमी पाहून घेतो."

सगळे हसले. मीही हसलो. मी हसलो, हे लक्षात ठेवा. तोंडाने हसण्याचा पुरावा मी पुष्कळ वर्षं स्वतःपुढे मांडत आलो.

माझ्या माइकपुढे मंडळाने दुसरा माणूस उभा केला.

पुढच्या हिवाळ्यात आर्वीला भजन स्पर्धा होती. परीक्षकांमध्ये नागपूरच्या रेडिओवरचे एक गृहस्थ येणार आहेत, चांगला गळा दिसला तर बोलावून घेतात, असं कानावर आलं होतं. शालिक रेडिओबद्दल काही बोलायचा नाही. पण आठवडाभर आधीपासून तो जिनिंगमध्ये तोंडाला धडपा बांधून काम करत होता, रुईचं तूस गळ्यात जाऊ नये म्हणून. त्याची बायको, सुमनवैनी, त्याला हळदीचं दूध देत होत्या. त्याला काय हवं होतं हे मला कळत होतं. ते मिळालं तर त्याचा जिनिंगमधला धुरळा सुटला असता.

आर्वीच्या छोट्या रेल्वेगाडीत मिक्सर मी मांडीवर घेतला, चादरीत गुंडाळून. शालिक सगळ्यांना दाखवत म्हणाला, "पाहा, लेकरापरी धरलं बावानं. रडलं तं कोन घेईन?" गाडीभर हशा. मला त्याचा राग आला होता का? आला होता. एवढ्याशा थट्टेचा? नाही — थट्टेचा नाही. तो निघून जाईल याचा. तो रेडिओवर जाईल आणि मी पेटी घेऊन इथल्या बारशांना फिरत राहीन, याचा.

आमचा नंबर दुपारी लागला. मंचाच्या एका बाजूला, खाली, सतरंजीवर मी. पुढ्यात मिक्सर, कानाला हेडफोन. पहिली घुंडी शालिकची. दुसरी मागे धरणाऱ्यांची. तिसरी हार्मोनियमची, चौथी खंजेरीची.

मी म्हणू शकतो, की बोट घसरलं. नाही घसरलं. मी म्हणू शकतो, की साथ नीट ऐकू यावी म्हणून त्याला जरा कमी केलं. पहिल्या कडव्याला मी स्वतःलाही तेच सांगितलं. पण दुसऱ्या कडव्याला? तेव्हा काय कारण होतं?

पहिली घुंडी मी खाली घेतली. एकदम नाही, कुणाच्या ध्यानात येईल अशी नाही. थोडी. मग दुसरी आणि तिसरी थोडी वर. मग पहिली अजून थोडी खाली. भोंग्यांतून शालिक साथीत बुडायला लागला. समोरची माणसं मान पुढे काढून ऐकू लागली. परीक्षकांतल्या एकाने शेजाऱ्याच्या कानात काही सांगितलं.

आणि पहिल्या घुंडीखालचं बटण मी दाबून ठेवलं होतं.

त्या दिवशी शालिक कसा गायला, हे सबंध आर्वीत एकट्या मला माहीत आहे. तो त्याआधी कधी तसा गायला नव्हता. माझ्या कानात प्रत्येक शब्द, प्रत्येक श्वास स्वच्छ येत होता. मी ऐकत होतो आणि घुंडी खाली नेत होतो. दोन्ही मीच करत होतो. हे कसं होऊ शकतं, ते मला विचारू नका. 

त्याला भोंग्यातून स्वतःचा आवाज येईना. त्याने माझ्याकडे पाहून तळहात वर केला — वाढव. मी मान हलवली. घुंडीवर बोट ठेवलं. वर नेल्यासारखा चेहरा केला आणि तिथेच धरून ठेवली.

मग तो जोर लावू लागला. वरच्या सुरावर गेला, तिथे अजून जोर लावला. आणि गळा फाटला. तो फाटल्याचा आवाजही आधी माझ्याच कानात आला. मी घाबरून घुंडी वर सरकवली, आणि मग मांडवभर लोकांनी शालिकचा आवाज स्पष्ट ऐकला. तेवढाच ऐकला.

कुणी मला काही विचारलं नाही. परत येताना गाडीत सगळे म्हणत होते, रुईच्या तुसानं गळा खाल्ला. शालिकही तेच म्हणाला. "आतूनच निघत नवता आवाज." मी खिडकीबाहेर बघत होतो. तेव्हा बोललो असतो तर? पुढच्या स्टेशनपर्यंत बोलायचं, असं ठरवलं. स्टेशन आलं. मग त्याच्या पुढचं.

गळा महिन्याभरात बरा झाला असावा. बोलायचा नीट. पण गायला तो पुन्हा उभा राहिला नाही. आपला आवाज गेला, हे त्याने मान्य करून टाकलं होतं. सुमनवैनींनी जिनिंग सोडायला लावलं, तर तो एका संत्र्याच्या बागेत राखणदार झाला. तिथे दिवसभर त्याच्याशी बोलायला कुणी नसायचं. मंडळाने पुढे मला उभं केलं. हो, मी उभा राहिलो. पहिल्या माइकवर, अगदी त्याच्या जागी. शालिक समोर सतरंजीवर बसून मांडीवर ताल धरायचा. घरी जाताना म्हणायचा, "आज बरा लागला तुया सूर." दोन वर्षांत मंडळ मोडलं. माझ्या आवाजावर ते कसं चालणार होतं?

माझ्या पोरीच्या लग्नात मी त्याला मंगलाष्टकं म्हणायला सांगितलं. का सांगितलं? त्याने म्हटली असती तर माझं ओझं उतरलं असतं म्हणून. तो हसून म्हणाला, "गड्या, काऊन थट्टा करून राह्यला?"

ते दशक संपता संपता त्याला कावीळ झाली आणि बळावली. मी रोज जायचो. आज सांगायचंच, असं ठरवून जायचो. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी सुमनवैनी विहिरीवर गेल्या होत्या, घरात आम्ही दोघंच होतो. यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती. मी त्याच्या बाजेवर बसलो, त्याचा हात हातात घेतला. म्हटलं, "शालिक, आर्वीच्या त्या दिवशी..."

तो डोळे मिटूनच बोलला. "माह्या ध्यानात हाये. सबन लोक माह्याकडं पाहून राह्यलते, आन तू एकटा तिथं बसून लढून राह्यला होता. तुया हात घुंडीवरून निघाला नाई. मी पायलं ना. लय उचलाचा प्रयत्न केला गड्या तू मले. मीच नाई उचलल्या गेलो." आणि त्याने माझा हात दाबला.

मी काय केलं? मी म्हटलं, "हो."

तेवढ्यात वैनी पाणी घेऊन आल्या. मी उठलो. तीन दिवसांनी तो गेला.

मिक्सर आजही माळ्यावर आहे, त्याच चादरीत. बाजेवर बसताना जे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, ते मला पाठ आहे. इतकी वर्षं एक शब्द इकडचा तिकडे झालेला नाही. शालिक, तुया आवाज गेला नवता. मी खाली केलता. माफ कर मले.