मोसमभर मिरच्या

माझा मुलगा इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइग शहराच्या प्रोफेशनल अमेरिकन फुटबॉल टीमचा रनिंग बॅक आहे. म्हणजे चेंडू छातीशी धरायचा आणि अंगावर येणाऱ्या धिप्पाड माणसांमधून वाट काढत पळायचं. या मोसमात तो असा काही पळाला, की सगळं ब्राउनश्वाइग त्याचंच कौतुक करत सुटलं. ऑफिसात कुणी ‘सुपर!’ म्हटलं की मला वाटायचं, गप्प बसा हो, दृष्ट लागेल.

म्हणून दर मॅचनंतर मी त्याची दृष्ट काढायचे. धुराच्या अलार्मवर शॉवर कॅप चढवायची, मीठ-मोहरी-मिरच्या त्याच्यावरून ओवाळायच्या आणि तापल्या तव्यावर टाकायच्या. दृष्ट लागलेली असली तर मिरच्यांचा ठसका लागत नाही, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे खकाणा उठून आम्ही दोघं खोकायला लागलो, की माझा जीव भांड्यात पडायचा. तो जर्मनमध्ये कुरकुरायचा, पण मान वाकवून उभा राहायचा.

शेवटच्या मॅचला त्याला अडवायला आलेला समोरच्या टीमचा खेळाडू त्याच्यावर आदळला आणि उठलाच नाही. स्ट्रेचर आलं. माझा मुलगा धडधाकट उभा होता.

घरी आल्या आल्या मी मिरच्या घेतल्या. त्यानं माझा हात धरला.

“आई, आज त्याची काढ,” तो म्हणाला. चक्क मराठीत.

तोंडही न पाहिलेल्या त्या पोरासाठी मी मिरच्या हवेतच ओवाळून तव्यावर टाकल्या. त्या काळ्याठिक्कर पडेपर्यंत आम्ही दोघं छाती भरभरून श्वास घेत राहिलो.

ठसका लागला नाही.