विमानांना हिरवा दिवा

मी लिहावं हेच मुळात धाडसाचं आहे. दहावीनंतर पोलिसात भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. साठी उलटल्यावर मी बी.ए.ला नाव घातलं, म्हणून पहिला मीच. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, नोकरीतली एक आठवण अंकासाठी लिहून द्या. जन्मभर जबाब आणि पंचनामे लिहिले, त्यामुळे भाषा तशीच उतरेल. वाचकांनी सांभाळून घ्यावं. नाव कुणाचंही देत नाही.



नव्वदचं दशक संपत आलं होतं. शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या मध्ये, भीमेच्या काठावर एका दूरक्षेत्राचा मी प्रभारी हवालदार होतो. दूरक्षेत्र म्हणजे ठाण्याची लहान चौकी. दोन खोल्या, एक फोन, दोन शिपाई. त्या हिवाळ्यात अंधार पडला की आभाळात दिवे दिसतात अशी बोंब उठली. दिवा दिसला की चोरी होते, असंही लोक म्हणू लागले, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. तीन घरफोड्या झाल्या होत्या आणि तिन्ही दिवेलागणीनंतर तासाभरात. बाया ऊन कलतं न कलतं तोच पोरांना आत ओढायच्या, बापे काठ्या घेऊन शाळेपाशी जमायचे. दिवा दिसला की बापे तिकडे पळायचे आणि बाया-पोरं एकाच घरात गोळा व्हायची. खरं सांगायचं तर मीही घाबरलो होतो. घरी जाताना मोटारसायकलवरून वर बघायचं टाळत असे.

एका संध्याकाळी सातच्या सुमारास पोलीस पाटलांचा फोन आला.

"जमादार, माणूस घावलाय. वरच्या दिव्याला खुणा करत हुता. लवकर या, पोरं माझं ऐकत न्हाईत."

पोचलो तेव्हा सोसायटीच्या ओट्याभोवती गाव गोळा झालं होतं. ओट्यावर एक म्हातारा बसलेला. सदरा फाटलेला, कपाळातून रक्त. हातात रेल्वेची जुनी हातबत्ती. तिची काच फिरवली की पांढरा, लाल किंवा हिरवा उजेड पडतो. एवढा मार खाऊनही ती त्याने सोडली नव्हती.

मी त्यांना ओळखत होतो. दौंडला मालगाडीवर गार्ड होते, निवृत्तीनंतर या गावात लेकीकडे राहायला आलेले. गाव त्यांना गार्डमामा म्हणायचं. त्या दिवशी मामा कुणी म्हणत नव्हतं.

"माळवदावर हुबा राहून हिरवी बत्ती हालवत हुता, आन् वर दिवा!" एक जण ओरडला.

"हिरवी म्हंजी या, रस्ता मोकळा हाय. रेल्वेत त्येच असतंय न्हवं?"

"जमादार, तुमी बाजूला व्हा. धा मिन्टं द्या आमाला."

दहा मिनिटांत काय झालं असतं ते मला त्या माणसांच्या डोळ्यांत दिसत होतं. यातले निम्मे मला रोज रामराम घालणारे. दुधाचा टेम्पो थांबवून मी मामांना आत ढकललं. त्यांच्यासाठी आलेला एक दगड माझ्या पाठीत बसला. जमाव टेम्पोच्या मागोमाग चौकीवर आला आणि फाटकाबाहेर थांबला.

रिवाजाप्रमाणे बत्ती जप्त केली, पंचनामा केला, लेबल लावलं. अंगझडतीत एक डायरीही मिळाली. तीत ओळीने नोंदी होत्या. "१८.५२. अप. लाल-हिरवा. लुकलुक. ऑल राइट दिला." मला वाटलं, ही चोरांची सांकेतिक भाषाच.

"हे काय लिहिलंय?" मी दरडावलं.

"इमान. अप म्हंजी पुण्याकडं, डाऊन म्हंजी सोलापूरकडं."

"आणि ऑल राइट?"

"समोरनं गाडी गेली की तिला हिरवा दाखवायचा. म्हंजी तुझ्यात कुठं जाळ न्हाई, काय लोंबत न्हाई, नीट जा बाबा. जलमभर केलं. हितं गाडी न्हाई, म्हणून त्याला दाखवतो."

शिपाई फिस्सकन हसला. "मामा, त्याला वरनं दिसतं व्हय?"

"न दिसंना. दाखवणं आपलं काम."

"लोक म्हणतात दिवा एका जागी उभा होता," मी म्हणालो. "विमान उभं राहतं का?"

"रुळावर अंगावर येणारी गाडी बघितलीय का कवा? लांबनं ती हुबीच दिसती. इमानाच्या डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा. तुमच्या उजव्या हाताला लाल दिसला, तर त्याचं तोंड तुमच्याकडं हाय."

मी त्यांना अंगणात घेऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने पूर्वेला दिवा उगवला. उजव्या हाताला लाल, डाव्या हाताला हिरवा. तो हलेना. फाटकाबाहेरचा गलका एकदम बसला. कुणाच्या तरी कडेवरचं पोर रडायला लागलं. सांगायला लाज वाटते, पण मी मामांचं मनगट घट्ट धरलं होतं. मग तो दिवा मोठा होत डोक्यावरून सरकला, आणि तो पुढे गेल्यावर मागून घरघर आली.

"अप," मामा म्हणाले, आणि त्यांचा रिकामा हात सवयीने वर गेला.

डायरी मी पुन्हा नीट वाचली. तीन नोंदी वेगळ्या होत्या. "पांढरा. लुकलुक नाही. आवाज नाही. वाऱ्याबरोबर डुलतो. नदीकडे. ऑल राइट दिला नाही." त्या तीन तारखा मी गुन्ह्यांच्या नोंदीशी ताडून पाहिल्या. तिन्ही घरफोड्यांच्या निघाल्या.

"यांना हिरवा का नाही दिला?"

"वळखीबिगर हिरवा कसा देनार? कायतरी दोरीला बांधलेलं असनार. वारा पडला की खाली यायचं."

पुढे चार दिवसांनी वारा सुटला आणि नदीवर पांढरा दिवा चढला. गाव काठ्या घेऊन नदीकडे पळालं. मी आणि शिपाई मात्र दिव्याकडे पाठ करून रिकाम्या आळीत दबा धरून बसलो. सगळं आयुष्य नोकरीत गेलं, पण तशी भीती पुन्हा वाटली नाही. मामा चुकले असतील तर पाठीमागे काय आहे, हे मला ठाऊक नव्हतं. मग कुलूप तुटल्याचा आवाज आला. दोघे जागेवर सापडले. तिसरा नदीकाठी होता, हातात पुरुषभर उंचीच्या पतंगाची दोरी, पतंगाला बॅटरी आणि बल्ब. गाव दिव्यामागे पळालं की मागे घरं उघडी, एवढीच त्यांची युक्ती.

जमावापासून जपायला मामांना तोवर चौकीतच ठेवलं होतं, त्यांना घरी सोडलं. ज्यांनी मारलं होतं त्यांतले दोघे लेकीच्या घरी पाया पडायला गेले, बाकीचे गेले नाहीत. मामांनी मला एकच विचारलं.

"बत्ती कवा मिळंल?"

"कागद झाले की लगेच, मामा."

दोन महिन्यांनी माझी बदली झाली.

पुढे नव्या पोरांना मी हा तपास मोठ्या तोऱ्यात सांगायचो. घाबरलेला माणूस जिकडे बोट दाखवतो तिकडे पोलिसाने बघावंच, पण त्याच्या पाठीमागेही बघावं, असं म्हणायचो. ते खरंच आहे. पण या प्रकरणाने मला खरं काय शिकवलं ते गेल्या महिन्यात कळलं.

त्या जुन्या पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कारकुनाचा फोन आला.

"साहेब, जुना मुद्देमाल निकाली काढतोय. एक रेल्वेची बत्ती हाय. लेबलावर अक्षर तुमचं. संगट तीन अर्ज टाचलेत."

"मालकाला बोलवून घ्या," मी घाईने म्हणालो.

"चौकशी केली, साहेब. तुमची बदली झाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी वारले. लेक म्हनली, बत्ती आनून आता कुनाला दाखवू?"

मी म्हणालो, "शेवटचा अर्ज वाचा."

"दोनच वळी हायत, साहेब. 'माझी बत्ती मिळावी ही विनंती. अप आणि डाऊन दोन्ही गाड्या विनासिग्नल जात आहेत.'"