नदी बंद आहे, असं मी सांगितलं

मी माझ्या सासऱ्यांशी खोटं बोललो. वॉटर पार्कमधली नदी बंद पडली आहे, तिची मोटर जळली आहे, असं मी त्यांना सांगितलं. नदी चालू होती. फक्त तिच्यात तरंगायला जी रबराची ट्यूब लागते, तिचे पार्कवाल्यांनी वेगळे पैसे लावले होते. एवढीच गोष्ट होती, आणि ती तशीच्या तशी सांगायला मला अख्खा हिवाळा लागला. आता सांगून झाली आहे. म्हणूनच लिहायला बसलोय, नाहीतर हे लिहिण्याची माझी छाती नव्हती.

माझे सासरे समुद्रकाठच्या नाटे गावचे. जन्मभर समुद्रावर गेले, पुढे तांडेल झाले. म्हणजे बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, हे ठरवणारा माणूस. मग गुडघे गेले. बोटीवर चढताना दोघांना हात द्यावा लागला त्या दिवशी त्यांनी समुद्र सोडला. सासूबाई वारल्या तेव्हा बायको त्यांना रत्नागिरीला आमच्या घरी घेऊन आली.

आले, पण अवघडून आले. मुलीच्या घरचं खायचं नाही, जावयाचा पैसा घ्यायचा नाही, हे त्यांच्यात इतकं मुरलेलं की आमच्याकडे राहण्यासाठी त्यांनी स्वतःशीच एक तह करून टाकला. भात आमचा, मासळी त्यांची. रोज सकाळी स्वतः जाऊन, निवडून, घासाघीस करून आणणार. रिक्षाचं भाडं मी दिलं की घरी येईपर्यंत ती नोट माझ्या शर्टाच्या खिशात परत आलेली असायची. मी ‘मामा, राहू द्या’ म्हणायचो, ते म्हणायचे, “जावयबापू, राहू द्या तुम्ही.” भर रस्त्यात आमची ही झटापट बघून शेजारचे हसायचे.

पार्कचा पास मात्र त्यांनी मान्य केला होता. शहराबाहेर कातळावर हे वॉटर पार्क झालं तेव्हा आम्ही सबंध कुटुंबाचा वर्षाचा पास काढला. मुलगी तेव्हा लहान होती, घरात कंटाळायची. पासावर सगळ्यांचे फोटो एकाच कार्डावर. मामांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि निकाल दिला, “हा घराचा आहे. माणशी नाय.” म्हणजे तो जावयाचा पैसा धरायचा नाही.

पहिल्या दिवशी ते बाकावर बसून पार्कची टवाळीच करत होते. “दर्या सोडून डबक्यात पोरं बुडवायची, नि वर पैसे घ्यायचे. काय डोकं म्हणायचं!” मग नातीने त्यांना ओढत मागच्या बाजूला नेलं. तिथे कातळ कापून एक वळणावळणाचा पाट केला होता. कमरेएवढं पाणी, मोटरने संथ फिरवलेलं. पार्कवाले त्याला नदी म्हणत. ट्यूबमध्ये बसायचं आणि पाणी नेईल तसं जायचं. मामा कुरकुरत बसले आणि पार्क बंद होण्याची शिट्टी झाली तेव्हाच बाहेर आले.

त्यानंतर आम्ही कधीही गेलो तरी ते सरळ नदीवर. एक हात पाण्यात सोडून वल्ह्यासारखा चालवायचे. मागून धडकत येणाऱ्या अनोळखी पोरांना ओरडायचे, “पाय आत घे रे! डावीकडून जा, डावीकडून!” पोरंही ऐकायची. एकदा घरी येताना म्हणाले, “पाण्यात गुडघा आहे का नाय तेच कळत नाय बघा.” जमिनीवर ते तक्रार करत नसत, त्यामुळे जमिनीवर किती दुखत असेल ते मला त्या वाक्यावरून कळलं. मी स्वतः संगमेश्वराकडचा, डोंगरातला. पाण्याला घाबरतो. मी काठावर टॉवेल सांभाळत बसायचो आणि ते प्रत्येक फेरीला विचारायचे, “काय जावयबापू, सर्दी होईल का?”

आता पार्कचं सांगतो. पहिल्या वर्षी पासात सगळं होतं. गाडी लावणं, लॉकर, ट्यूब, लाटांचा तलाव, सगळं. गेटवरचा माणूस आम्हाला ओळखायचा. आमच्या घावनांच्या डब्याकडे काणाडोळा करायचा आणि कधीतरी त्यातलं एखादं खायचाही. दुसऱ्या वर्षी गाडी लावायचे पैसे सुरू झाले. मग लॉकरचे. मग गेटवर टेबल आलं, डबे तिथेच ठेवून आत जायचं आणि आतला वडापाव बाहेरच्या भावाच्या कितीतरी पट देऊन खायचा. मग लाटांचा तलाव वेगळा. मग हाताला लावायचा एक नारिंगी पट्टा आला. तो जादा पैसे देऊन घेतला की घसरगुंडीच्या रांगेत पुढे जाता यायचं, आणि आम्ही पासवाले त्या नारिंगी हातांना वाट देत उभे राहायचो. प्रत्येक वेळी पाटीच्या खाली एकच ओळ असायची : पासधारकांनाही लागू.

कोल्हापूरहून एकदाच येणाऱ्या माणसाला यात काही वावगं वाटत नसे. त्याच्या दृष्टीने ते असंच होतं. आम्हाला मात्र काय काय काढून घेतलं ते दिसायचं. त्यांचीही बाजू असेल; उन्हाळ्यात टँकरने पाणी आणावं लागतं, विजेचं बिल असतं. पण दर वेळी गेटमधून आत शिरताना मला वाटायचं, आज अजून काय गेलं असेल? मी रागावलेला असायचो, आणि राग काढायला तिथे कोणी नव्हतं. खिडकीतली मुलगी म्हणायची, “सर, आमच्या हातात काही नाही.” खरंच नव्हतं.

पावसाळ्यानंतर पार्क पुन्हा उघडलं त्या दिवशी मामा, बायको आणि मुलगी कपडे बदलायला गेले होते. मी पुढे जाऊन पाहिलं तर नदीच्या पायऱ्यांपाशी नवी खिडकी. ट्यूबचे पैसे. तासावर. पासधारकांनाही लागू.

मी तिथे उभा राहून डोक्यात पुढचं सगळं पाहिलं. मी पाकीट काढणार, मामा माझा हात धरणार, दोघांची ओढाताण होणार, मागची रांग हसणार. किंवा मामा दर पाहून म्हणणार, नको मला. या सगळ्यापेक्षा सोपं काय, तर नदीच नाही. मी मागे फिरलो आणि वाटेतच त्यांना गाठलं.

“मामा, नदी बंद आहे. मोटर जळली म्हणतात.”

“एवढीशी नदी नि तिलाही मोटर!” ते म्हणाले. “कधी होईल?”

“बघू. सामान मुंबईहून यायचंय.”

सामान मुंबईहून यायचंय हे मी का जोडलं, देव जाणे. खोटं एकदा सुरू झालं की ते स्वतःच तपशील मागायला लागतं. नदीकडे जायला पंधरावीस पायऱ्या चढाव्या लागतात, गुडघ्यांमुळे ते उगाच बघायला जाणार नाहीत, हाही हिशेब मी त्या क्षणी केला होता. तो मला अजून टोचतो.

मुलीने उंच घसरगुंडीवरून नदी पाहिली. धावत माझ्याकडे आली. “पप्पा, नदी चालू आहे!” मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, आजोबांना बोलू नकोस, त्यांना उगाच वाईट वाटेल. आठवीतली मुलगी ती. माझ्याकडे बघत राहिली आणि मग परत पाण्यात गेली. त्या दिवशी तिने आजोबांशी बोलणंच टाळलं, कारण मी तिला तेवढंच शिल्लक ठेवलं होतं.

मामा त्या दिवशी आमच्या पिशव्यांपाशी बसले. पुढच्या वेळी पुन्हा विचारलं, मी पुन्हा मोटर सांगितली. त्याच्या पुढच्या वेळी ते आलेच नाहीत. “तुम्ही जा. पिशव्या राखायला मी कशाला?”

हळूहळू ते सकाळी मासळीला जायचाही कंटाळा करायला लागले. बायकोने मच्छीवालीकडून दारात घेतली तर काही बोलले नाहीत. आधी यावर घर डोक्यावर घेतलं असतं. संध्याकाळी ओटीवर खुर्ची टाकून बसायचे, दिवा लावा म्हटलं तरी नको म्हणायचे. आणि एके दिवशी बायको स्वयंपाकघरात कांदा चिरताना रडत होती. कांद्याने डोळ्यांत पाणी येतं ते वेगळं.

“बाबा नाट्याला चाललेत,” ती म्हणाली. “पुतण्याला फोन करून घर साफ करायला सांगितलंय. शिमग्याला जाणार आणि परत येणार नाहीत.”

“एकटे?”

“एकटेच. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाले, तुझ्या घरात सगळं चांगलं हाय गो, पण मला इथे काम काय? मीच त्यांना काहीतरी बोलले असणार. गेल्या महिन्यात मासळीच्या वासावरून बोलले होते. तेच लागलं त्यांना.”

ती स्वतःलाच दोष देत होती. वास, बोलणं, स्वयंपाक, एकेक आठवून स्वतःच्या नावावर मांडत होती. नाट्याच्या त्या घरात विहिरीवरून पाणी काढावं लागतं, आणि त्यांना ओटीची पायरी उतरताना भिंत धरावी लागते. मला सगळं माहीत होतं, आणि तरीही मी तेव्हा तिला एवढंच म्हणालो, “तुझं काही चुकलेलं नाही.” ते खरं होतं, पण अर्धंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर मी मामांना सांगितलं. सांगितलं म्हणजे मांडणी केली. ट्यूबला पैसे लावलेत, तुम्ही मला देऊ दिले नसते, तुम्हाला चारचौघांत अवघडल्यासारखं झालं असतं, म्हणून मी तसं म्हणालो. ऐकताना असं वाटावं की मी त्यांच्यावर उपकारच केला.

त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? “म्हंजे पाणी फिरतंय?”

“हो.”

“सगळा वेळ फिरत होतं?”

“हो, मामा.”

“नि मोटर?”

“मोटर चांगली आहे.”

ते हसले. मला इतकं हलकं वाटलं की मीही हसलो. मग त्यांचं हसू थांबलं. “मला कितीला झेपतं नि किती नाय, ते मी ठरवलं असतं ना? बोटीवर पन्नास वेळा मी म्हटलं असंल, आज जाऊ नका. पण समुद्र आटलाय असं नाय कधी सांगितलं कुणाला.”

आतून बायको बाहेर आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने माझ्याकडे कसं पाहिलं ते लिहीत नाही. पण वडिलांना ती एवढंच म्हणाली, “मग नाट्याचं काय?”

“रविवारी नदी बघतो,” ते म्हणाले. “मग नाट्याचं बघू.”

रविवारी गेलो. त्या खिडकीपाशी मी पाकिटाला हात लावला नाही. मामांनी स्वतःच्या कनवटीची पिशवी सोडली, पाटी मोठ्याने वाचली, खिडकीतल्या मुलीला म्हणाले, “काय गो, पाणी काय बिसलेरीचं सोडलंय?” ती मुलगी पोट धरून हसली. मग त्यांनी दोन ट्यूब मागितल्या.

“दोन कशाला, मामा?”

“एक तुमची. आज जावयाचा मान.”

नाही म्हणण्याची माझी बिशाद नव्हती. मुलीने खाली कठड्याशी उभं राहून माझी ट्यूब धरली. ती आजोबांशी तोंडभरून बोलत होती, तेवढ्यानेच माझं अर्धं ओझं उतरलं. मी बसलो, ट्यूब गरकन फिरली, मी दोन्ही बाजूंना घट्ट पकडलं. मामा मागून आले आणि एका हाताने माझी ट्यूब सरळ केली. “पाय आत घ्या. मान सैल सोडा. पाणी तुमचं काय बिघडवत नाय.” पुढच्या वळणापर्यंत माझे हात जरा मोकळे झाले. बाजूने पिवळसर उघडा कातळ सरकत होता आणि वर नुसतं आभाळ. लोक या गोष्टीला पैसे का देतात ते मला पहिल्यांदाच कळलं.

मामा डोळे मिटून होते. म्हणाले, “शिमग्याला जाऊन येतो. चार दिवस. मग येतो परत.” जसं काही कधी दुसरं ठरलंच नव्हतं.

मी गप्प बसू शकलो असतो. सगळं सुरळीत झालं होतं. पण ओटीवर मी जे बोललो होतो ते मला पटलेलं नव्हतं, आणि आता ते परत येणार म्हटल्यावर ते पोटात घेऊन रोज त्यांच्या समोर जेवायला बसणं मला जमलं नसतं.

“मामा,” मी म्हणालो, “त्या दिवशी मी खोटं कारण दिलं. तुम्हाला अवघड वाटेल म्हणून नव्हे. आपण पासाचे पैसे भरले आणि वर पुन्हा हे, याचा मला राग आला होता. एवढ्याशा पाण्याला कशाला, असं वाटलं. हा राग काढायला मला तुमची नदीच सापडली. पैसे तुमच्यावर घालवायला मला जड गेले, हे खरं आहे. पोरीलाही मी गप्प बसवलं, आणि तुमच्या मुलीला स्वतःला दोष देताना बघत राहिलो. माझं चुकलं, मामा. मला माफ करा.”